रात्री बारानंतर काही नाही

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल शहराजवळ विनलेटन नावाचे गाव आहे. २८ जानेवारी १८४८ रोजी तिथल्या एका घरात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली होती. पायाच्या बोटाचे दुखरे नख काढायचे, एवढेच काम. असेच एक नख काही महिन्यांपूर्वी न्यूकॅसलच्या इस्पितळात ईथर देऊन काढले होते आणि तेव्हा सगळे सुखरूप पार पडले होते. या खेपेला डॉ. मेगिसन यांनी नवे औषध आणले होते. क्लोरोफॉर्म. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी ते प्रचारात आणून अजून तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

मेगिसननी चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतले आणि हॅनाच्या नाकाशी धरले. अर्ध्या-पाऊण मिनिटात ती बेशुद्ध झाल्यासारखी वाटली. सहायकाने नखाला चीर दिली, तशी तिने पायाला हिसका दिला आणि पाठोपाठ चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी घाबरून तोंडावर पाणी मारले, तोंडात थोडी ब्रँडी घातली. ती तिने कशीबशी गिळली. खाली जमिनीवर निजवून रक्त काढायचा प्रयत्न झाला, पण दोन-तीन मिनिटांत खेळ संपला होता.

क्लोरोफॉर्मचा हा नोंद झालेला पहिला बळी. सिम्पसनना आपल्या औषधावरचा हा डाग मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की मुलीला क्लोरोफॉर्मने मारलेले नाही, शुद्धीवर आणण्याच्या घाईत तोंडात ओतलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने मारले. बेशुद्ध माणसाला नीट गिळता येत नाही, द्रव घशात साचला आणि ती गुदमरली. लंडनचे जॉन स्नो यांना हे पटले नाही. त्यांच्या मते क्लोरोफॉर्मची वाफ एकदम जास्त गेली आणि हृदय थांबले. पुढे क्लोरोफॉर्मने दगावलेल्या ५० रुग्णांची त्यांनी जी टाचणे जमवली, त्यात हॅना पहिली. आज बहुतेक जाणकार स्नो यांच्या बाजूने झुकतात. सिम्पसन आपल्या औषधाची वकिली करत होते हे उघड आहे. पण वकिली करता करता त्यांनी एक खरा प्रश्न मांडून ठेवला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात काही आले, तर ते जाते कुठे?

भूल नव्हती तेव्हा हा प्रश्न कुणाला पडायचे कारणच नव्हते. उलट शस्त्रक्रियेआधी रुग्णाला खाऊ घालणे हाच शहाणपणा होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे, की शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला त्याला रुचेल ते जेवण द्यावे, आणि जो मद्य पिणारा आहे व ज्याला वेदना सोसवत नाहीत त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे. जेवलेला माणूस मूर्च्छा येऊन पडत नाही आणि झिंगलेल्याला शस्त्र जाणवत नाही, हा त्यामागचा हिशेब. मात्र त्याच ग्रंथात अपवादही दिले आहेत. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत रुग्ण न जेवलेला असावा. हे वाचून ‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. हे अपवाद बहुतेक पोट, गुदमार्ग आणि तोंडाचे आहेत, म्हणजे जिथे हत्यार चालवायचे तिथेच अन्नाची अडचण होणार. फुप्फुसाची काळजी त्यात दिसत नाही, आणि ती असण्याचेही कारण नव्हते. सुश्रुताचा रुग्ण जागा होता, त्याला ठसका लागत होता.

खरी मेख त्या ठसक्यातच आहे. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारी-शेजारी उघडतात. जागेपणी आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटते; चुकून कण आत गेलाच तर खोकल्याची उबळ येते आणि तो बाहेर फेकला जातो. जठराच्या वरच्या टोकाला आवळून धरणारा स्नायू असतो, तो अन्नाला उलटे येऊ देत नाही. भूल दिली की हे सगळे पहारेकरी एकदम झोपतात. मग दोन गोष्टी घडू शकतात. अर्धवट भुलेत रुग्ण ओकतो. हे निदान दिसते, ऐकू येते. दुसरी जास्त वाईट. जठरातला द्रव काही आवाज न करता वर चढतो, घशात साचतो आणि पुढच्या श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे कसलीही हालचाल होत नाही. डॉक्टरला कळते ते रुग्ण निळा पडू लागल्यावर.

एकोणिसाव्या शतकात मात्र काळजी होती ती मुख्यतः ओकारीचीच. ईथर आणि क्लोरोफॉर्मने मळमळ हमखास होई, टेबल खराब होई, शस्त्रक्रिया मध्येच थांबवावी लागे. स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिले. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये या विषयात त्यांच्याएवढा अनुभव क्वचितच कुणाला असेल. १८५८ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते म्हणतात, की क्लोरोफॉर्मसाठी सकाळच्या न्याहारीआधीची वेळ सर्वांत चांगली. पण ते नेहमी जमत नाही, आणि रुग्णाला त्याच्या जेवणाच्या नेहमीच्या वेळेपलीकडे उपाशी ठेवणे योग्य नाही. जोसेफ लिस्टर तर १८८३ साली लिहून गेले, की जठरात घट्ट अन्न नसावे हे खरे, तरी क्लोरोफॉर्मच्या साधारण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचा पातळ रस्सा दिल्यास रुग्णाला बरे वाटते. दोन तास आणि कपभर चहा, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. या साध्या सल्ल्यापाशी परत यायला वैद्यकाला शंभरावर वर्षे लागली.

मधल्या काळात घडले काय, ते कळण्यासाठी न्यूयॉर्कच्या ‘लाइंग-इन’ या प्रसूतिगृहात जावे लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात अमेरिकी शहरांत बाळंतपण घरातून इस्पितळात आले होते आणि बाळंतिणीला कळा जाणवू न देणे ही प्रगतीची खूण मानली जात होती. नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजन आणि ईथर यांचे मिश्रण मुखवट्यातून दिले जाई. देणारा पुष्कळदा नवशिका शिकाऊ डॉक्टर. श्वासनलिकेत नळी घालणे या कामासाठी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. आणि बाई? ती घरून निघताना जेवून निघालेली असे. कळा सुरू झाल्या की जठर मंदावते. त्यात वेदनाशामक म्हणून मॉर्फिनच्या जातीचे औषध दिले, की ते आणखी मंदावते. दुपारचे जेवण मध्यरात्रीही जठरात असू शकते. वर वाढलेले गर्भाशय जठराला खालून रेटत असते ते वेगळेच.

या इस्पितळातले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ या काळातली दप्तरे चाळली. ४४,०१६ बाळंतपणांत भुलेखाली जठरातला माल फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना त्यांना सापडल्या. म्हणजे हजारात दीड. त्यांपैकी ४५ ठिकाणी आत काय गेले याची नोंद होती: ४० जणींच्या बाबतीत द्रव, पाच जणींच्या बाबतीत घट्ट अन्न. दोघी दगावल्या. दोन्ही मृत्यू घट्ट अन्नाने गुदमरून झालेले. ज्यांच्या फुप्फुसात नुसता द्रव गेला, त्या सगळ्या वाचल्या होत्या; पण आधी त्यांची अवस्था भयंकर झाली होती. ओठ निळे, नाडी धावती, छातीत दम्यासारखी घरघर, एक्स-रेत ठिपके-ठिपके. दम्याचा इतिहास नसलेल्या बाईला बाळंतपणाच्या टेबलावर दमा कसा लागतो, हे कोडे होते.

मेंडेल्सननी ते सशांवर सोडवले. भूल दिलेल्या सशांच्या श्वासनलिकेत त्यांनी वेगवेगळे द्रव सोडले: साधे पाणी व खारे पाणी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, माणसाच्या उलटीतला आंबट द्रव, आणि तोच द्रव आम्ल मारून. आम्ल गेलेल्या सशांना हुबेहूब तोच आजार झाला. आम्ल मारलेला द्रव गेलेले ससे थोड्या वेळाने पिंजऱ्यात हिंडू-फिरू लागले. म्हणजे घट्ट अन्न वाट बुजवून मारते आणि द्रव मारतो तो जाळून. १९४६ साली हा लेख छापून आला आणि या आजाराला मेंडेल्सनचे नाव चिकटले.

त्यांनी सुचवलेले उपाय नीट वाचण्यासारखे आहेत. कळा सुरू असताना तोंडाने खायला देऊ नये, गरज पडल्यास शिरेतून द्रव द्यावा, ही एक सूचना. पण तिच्या जोडीला बाकीच्या होत्या. शक्य तिथे पूर्ण भूल टाळून फक्त त्या भागाची भूल द्यावी. भूल देण्याआधी आम्लनाशक औषध द्यावे, पोट रिकामे करावे. झटकन डोके खाली करता येईल असे टेबल असावे, ओढून घेणारे यंत्र हाताशी असावे, मुखवटा पारदर्शक असावा म्हणजे आत काय आले ते दिसेल. आणि भूल देणारा जाणता असावा. माझ्या मते ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची होती. पण जगाने उचलली ती पहिली, कारण ती सर्वांत स्वस्त होती. माणूस शिकवण्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणे कधीही सोपे.

इथे एक विचित्र उलटापालट झाली. मेंडेल्सनच्या बायका ठरवून, तारीख घेऊन शस्त्रक्रियेला आलेल्या नव्हत्या. त्या कळा देत आल्या होत्या. त्यांना उपास धरायला सवडच नव्हती. ज्यांच्यामुळे नियम जन्माला आला त्यांना तो पाळणे अशक्य, आणि ज्यांना पाळणे सहज शक्य होते त्यांच्यात हा धोका मुळात फार थोडा. पुढच्या काही दशकांत नियम मात्र सगळ्यांच्या गळ्यात पडला.

तातडीच्या रुग्णाचे काय करायचे, हा खरा प्रश्न तसाच उरला होता. इंग्लंड-वेल्समध्ये १९५२पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली, आणि भुलेमुळे दगावलेल्या बायकांच्या कागदांत जठरातला द्रव फुप्फुसात गेल्याची नोंद अहवालामागून अहवालात येत राहिली. भूलतज्ज्ञ तऱ्हेतऱ्हेचे उपाय करून पाहत होते. अपोमॉर्फिन टोचून रुग्णाला आधीच ओकायला लावायचे. पण त्याने पोट रिकामे होईलच याची खात्री नाही आणि आजारी माणसाचे हाल कुत्रा खाईना. जाड नळी जठरात घालून माल उपसायचा; द्रव निघे, भाताची शिते कशी निघणार? डोके उंच ठेवायचे, म्हणजे द्रव वर चढणार नाही. पण रक्त गेलेल्या रुग्णाचा रक्तदाब अशाने कोसळे. डावीकडे वळवून डोके खाली ठेवायचे, म्हणजे आले तरी बाहेर वाहून जाईल. पण त्या स्थितीत घशात नळी घालणे अवघड. बाळंतिणींना दर दोन तासांनी मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटचे पांढरे पातळ औषध पाजायची पद्धत १९६६नंतर ब्रिटनमध्ये पसरली. पुढे लक्षात आले, की त्या औषधाचे कण फुप्फुसात गेले तर तेच इजा करतात. तेव्हा त्याची जागा सोडियम सायट्रेटने घेतली.

१९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटेखानी टिपण आले. लेखक होते लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक. त्यांची युक्ती इतकी साधी, की ती आधी कुणाला का सुचली नाही असे वाटावे. श्वासनलिकेला आधार देणारी कूर्चेची कडी बहुतेक ठिकाणी मागून उघडी असते. अपवाद एकच: घाटीच्या खाली लागणारी क्रिकॉइड नावाची कडी. ती अंगठीसारखी पूर्ण गोल असते. तिच्या मागे अन्ननलिका आणि त्यामागे मानेचा मणका. तेव्हा रुग्ण बेशुद्ध होत असताना मदतनिसाने बोटांनी ही कडी मागे दाबून धरली, तर श्वासनलिका चेपणार नाही, पण मागची अन्ननलिका मणक्यावर दाबली जाऊन बंद होईल. श्वासनलिकेत नळी बसली आणि तिचा फुगा फुगवला, की बोट सोडायचे.

सेलिकनी आधी मृतदेहावर ताडून पाहिले: जठर पाण्याने भरून, डोके खाली करून. मग धोका असलेल्या २६ रुग्णांवर. २३ जणांच्या घशात काहीच आले नाही. उरलेल्या तिघांत, नळी बसवून बोट सोडताक्षणी जठरातला द्रव घशात उसळून आला. नळी आधीच जागेवर होती, म्हणून निभावले. ते तीन रुग्ण म्हणजे सेलिकच्या युक्तीचा सर्वांत बोलका पुरावा मानला गेला. गंमत म्हणजे, गळा असा दाबायची कल्पना अठराव्या शतकातही मांडलेली सापडते. बुडालेल्या माणसाच्या तोंडात हवा फुंकताना ती पोटात जाऊ नये म्हणून. मधल्या दोनशे वर्षांत ती विस्मरणात गेली होती.

सेलिकचे बोट, झटकन झोप आणणारे थायोपेंटोन आणि मिनिटभरात स्नायू सैल करणारे सक्सामेथोनियम या तिघांची सांगड घालून तातडीच्या भुलेची एक रीत तयार झाली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे स्टेप्ट आणि सफर यांनी १९७० साली ती १५ पायऱ्यांत मांडली. (हेच पीटर सफर तोंडाने श्वास देण्याच्या प्रथमोपचाराच्या जनकांपैकीही एक.) आधी काही मिनिटे रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे फुप्फुसात शिदोरी राहते. मग झोपेचे आणि स्नायू सैल करण्याचे औषध लागोपाठ. मध्ये मुखवट्याने हवा भरायची नाही, कारण ती जठरात जाऊन ते फुगवते. गळ्यावर बोट. मिनिटभरात नळी. पहारेकरी झोपले आणि दार बंद झाले, यांमधला वेळ जितका कमी करता येईल तितका करायचा. आजही अपघात विभागात, रात्री दोनला आलेल्या सिझेरियनमध्ये, फुटलेल्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत याच रीतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात.

सेलिकच्या बोटाचे पुढे काय झाले? ते साठेक वर्षे जवळजवळ धर्मासारखे पाळले गेले आणि त्याची नीट परीक्षा कुणी घेतली नाही. रुग्णाचा जीव टांगणीला असताना ‘अर्ध्यांचा गळा दाबू, अर्ध्यांचा नुसता दाबल्यासारखा करू’ असे म्हणणार कोण? अखेर फ्रान्समधल्या संशोधकांनी ते केले आणि २०१९ साली ३,४७२ रुग्णांचे निष्कर्ष छापले. खरोखर दाबलेल्यांत ०.६ टक्के आणि नुसते नाटक केलेल्यांत ०.५ टक्के रुग्णांच्या फुप्फुसात माल गेला. शिवाय दाबल्याने नळी घालणे थोडे अवघड होत होते. भूलतज्ज्ञांत यावरून आजही दोन तट आहेत. दाबणारे दाबतात, आणि नळी जाईना असे दिसले की बोट काढतात.

आता पुन्हा ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांकडे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची पुस्तके घट्ट अन्न आणि पाणी यांत फरक करत. अन्नाला सहा तास, पाणी-चहाला दोन-तीन तास. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत हा फरक पुसला गेला आणि ‘रात्री बारानंतर काही नाही’ ही एकच पाटी खाटेला लागली. कारण वैद्यकीय कमी, कारभाराचे जास्त. शस्त्रक्रियांची यादी सकाळी बदलते, तिसरा रुग्ण पहिला होतो. वॉर्डातल्या सिस्टरने कुणाला किती वाजता पाणी दिले याचा हिशेब कुठे ठेवायचा? सगळ्यांना बाराला बंद केले की प्रश्न मिटला. फक्त सकाळी आठचा रुग्ण आठ तास उपाशी राही आणि दुपारी तीनचा पंधरा तास.

या कडकपणाला शास्त्राचा टिळा लावला तो १९७४ सालच्या एका अमेरिकी लेखाने. रॉबर्ट्स आणि शर्ली यांनी लिहिले, की जठरात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव असेल आणि त्याची आम्लता विशिष्ट पातळीपलीकडे असेल तर रुग्ण धोक्यात समजावा. हा आकडा जगभर घोकला गेला. पुष्कळ काळाने उजेडात आले, की तो एका रीसस माकडावरच्या अप्रकाशित प्रयोगातून गणिताने काढलेला होता, आणि त्या प्रयोगात द्रव जठरात नव्हे, थेट फुप्फुसाच्या नळीत सोडलेला होता. जठरात आहे म्हणजे फुप्फुसात जाईलच, असे गृहीत धरून सगळा डोलारा उभा होता. या मापाने मोजले तर रात्रभर काटेकोर उपास केलेले पुष्कळ रुग्णही ‘धोक्यात’ निघत. एवढे झाल्यावर माप तपासायला हवे होते. लोकांनी उपास वाढवला.

आणि जठरातून काय किती वेगाने पुढे सरकते, हे तर १८३३पासून छापील उपलब्ध होते. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापारातला अलेक्सी सां-मार्तां नावाचा फ्रेंच-कॅनेडियन कामगार चुकून सुटलेल्या बंदुकीच्या छऱ्यांनी जखमी झाला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यांनी त्याला वाचवले, पण बरगडीखालची जखम भरली ती जठरापर्यंत भोक ठेवूनच. बोमंटनी त्याला पदरी ठेवले आणि त्या खिडकीतून वर्षानुवर्षे जठर पाहिले. दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने ओढून काढून. रागाने पचन बिघडते हे पाहिले. पाणी आणि त्यासारखे द्रव जठरात थांबत नाहीत, थोड्याच वेळात पुढे जातात, हेही पाहून लिहिले. प्रयोगशाळेतला ससा होणे सां-मार्तांला कधीच आवडले नाही. तो मधूनमधून कॅनडाला पळून जाई. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांना शव चिरता येऊ नये म्हणून घरच्यांनी ते आधी कुजू दिले आणि मग खोल पुरले. त्याच्या नाखुशीतून मिळालेले ज्ञान ऐन गरजेच्या वेळी कपाटात पडून राहिले, ही त्याची आणखी एक थट्टाच म्हणायची.

१९८६ साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात रॉजर मॉल्टबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटी सरळ मोजून पाहिले. काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले, बाकीचे उपाशी. भूल दिल्यावर जठरातला द्रव ओढून मापला. पाणी प्यायलेल्यांच्या जठरात द्रव जास्त नव्हता. उपाशी राहिलेल्यांपेक्षा कमीच होता. जठर स्वतःही रस सोडत असते, लाळ गिळली जात असते. पाण्याने त्याला पुढे ढकलले. पुढची काही वर्षे जगभर असे प्रयोग झाले. कॅनडा, नॉर्वे, मग १९९९ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियम बदलले: पाण्यासारख्या आरपार दिसणाऱ्या द्रवांना दोन तास, आईच्या दुधाला चार, हलक्या खाण्याला आणि इतर दुधाला सहा, तळणीच्या किंवा मटणाच्या जेवणाला आठ. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेनेही २०२० साली याच धर्तीवर मार्गदर्शिका काढली.

तरीही आपल्याकडच्या वॉर्डात रात्रीची पाटी फारशी हललेली नाही, आणि त्याचे खापर डॉक्टरांवरच फोडणे बरोबर नाही. “मावशी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?” “काही नाही हो सिस्टर. नुसता चहा घेतला.” हा संवाद ज्याने वॉर्डात एक सकाळ काढली आहे त्याने ऐकलेला असतो. लिस्टरचा चहा आणि आपला चहा एक नव्हे. आपल्या चहात निम्मे दूध, सोबत दोन बिस्किटे. जठरातल्या आम्लात दूध फाटते, गुठळ्या होतात, आणि त्या घट्ट अन्नासारख्याच रेंगाळतात. कोऱ्या चहाला दोन तास आणि दुधाच्या चहाला सहा, हे कुणी समजावून सांगत नाही. ‘काही म्हणजे काही नाही’ एवढेच सांगितले जाते, आणि चहा हा खाण्यापिण्यात धरायचा असतो हे मावशींच्या मनातही येत नाही. मग शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि दोन्हीकडे चिडचिड. लहान मुले आणि मधुमेही यांचे या सरसकट उपासात सर्वांत जास्त हाल होतात, आणि पाण्याच्या सवलतीची खरी गरजही त्यांनाच असते.

तातडीच्या वेळी मात्र घड्याळ जवळजवळ निरुपयोगी ठरते. अपघातात सापडलेल्याला ‘शेवटचं कधी खाल्लं?’ विचारून भागत नाही; खाणे आणि अपघात यांमध्ये किती वेळ गेला ते विचारावे लागते. मार लागला, वेदना आणि भीती सुरू झाली, की जठराचे काम तिथेच अडते. दुपारी एकला जेवून दीडला गाडीवरून पडलेला माणूस रात्री नऊलाही भरल्या पोटाचाच समजायचा. आतडे अडकलेल्या रुग्णाने दोन दिवस पाण्याचा थेंब घेतलेला नसतो, पण जठरात लिटरभर हिरवट द्रव तुंबलेला असतो. तिथे आधी नाकातून रायल्स ट्यूब घालून तो काढतात. हाड मोडले असेल पण रक्तपुरवठा ठीक असेल, तर काही तास थांबता येते. पोटात रक्तस्राव होत असेल तर थांबणे हाच मृत्यू. थांबण्याचा धोका आणि न थांबण्याचा धोका, यांची तुलना सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून, बऱ्याचदा जिन्यातच, करायची असते.

मेयो क्लिनिकने १९८५ ते १९९१ या काळातल्या २,१५,४८८ भुलांचा हिशेब मांडला होता. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत जठरातला माल फुप्फुसात जाण्याचे प्रमाण ३,८८६ मध्ये एक होते आणि तातडीच्या शस्त्रक्रियांत ८९५ मध्ये एक. म्हणजे तातडीत चौपटीहून जास्त. तरी ८९४ वेळा निभावून गेले. बाळंतपणात तर फरक याहून मोठा पडला, आणि तो उपासाने नव्हे. सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे रूढ झाले, बाई जागी राहू लागली आणि तिचा ठसका तिच्याजवळच राहिला. मेंडेल्सननी सुचवलेल्यांपैकीच हा एक उपाय. बाळाचे ठोके एकदम घसरलेले, आईला आकडी आलेली, रक्त गोठत नाही, अशा वेळी पूर्ण भूल द्यावीच लागते. तेव्हा सायट्रेटचा घोट, डोके थोडे उंच, सक्शन सुरू करून उशीखाली ठेवलेले, आणि मग ती जुनी १५ पायऱ्यांची शिडी.

अलीकडे पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून जठरात किती आणि काय आहे ते खाटेवरच पाहता येते. हे तंत्र रुळत असतानाच एक नवी अडचण आली. मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी जठर मुद्दामच मंद होते. भूक मरते ती त्यामुळेही. आठ-दहा तास उपास केलेल्या रुग्णांच्या जठरात आदल्या दिवसाचे अन्न सापडू लागले. अमेरिकी संघटनेने जून २०२३ मध्ये आठवड्याचे इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी एक आठवडा बंद ठेवायला सांगितले. पुढच्याच वर्षी इतर संघटनांसह तो सल्ला सैल केला आणि बहुतेकांना औषध चालू ठेवून, धोका जास्त असल्यास आदल्या दिवशी फक्त पातळ आहार घ्यायला सांगितले. आपल्याकडेही ही इंजेक्शने आता औषधांच्या दुकानात आली आहेत, आणि लोक ती घेतात हे घरातही सांगत नाहीत. त्यामुळे भूलतज्ज्ञाच्या प्रश्नांत एक वाढला आहे: वजनाचं काही इंजेक्शन सुरू आहे का? उत्तर ‘हो’ आले, की उपास कितीही तासांचा असो, सोनोग्राफीचे मशीन मागवले जाते.